सड्यावरची हजेरी

आत्माराम शिवलकर जहाजावर खलाशी म्हणून चढले आणि सव्वीस वर्षांनी सारंग म्हणून उतरले. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. दोर, बोटी, रंगकाम, आणि वादळात कोणी कुठे उभं राहायचं हे ठरवणं, सगळं त्याच्याकडे. उतरल्यावर त्यांनी पावसला भावाच्या बागेला लागून घर बांधलं, चार माड लावले, आणि मग करायला काही उरलं नाही. बायको म्हणायची, "घरातसुद्धा फेऱ्या मारताय. पहाऱ्यावर आहात का?"

त्यांची भाची दिशा रत्नागिरीतल्या एका कॉलेजात शिकवायची. शेवटच्या वर्षाच्या मुलांना रोजगार कौशल्यं आणि नेतृत्व शिकवायचा तीस तासांचा अभ्यासक्रम तिच्या गळ्यात पडला होता. एकदा तिने मामांना जहाजावरच्या नोकरीबद्दल बोलायला नेलं. मुलांनी त्यांना दोन तास सोडलं नाही. तेव्हापासून आत्माराम दर गुरुवारी जाऊ लागले. 'सर' म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही, म्हणून ते सगळ्यांचे काका झाले.

त्यांची शिकवण साधी होती. मुलाखतीच्या खोलीत शिरताना दार आपल्या हाताने लावायचं. नाव सांगताना जमिनीकडे बघायचं नाही, कारण जमीन नोकरी देत नाही. हुकूम देणं म्हणजे ओरडणं नव्हे; इंजिनाच्या आवाजात ओरडून काही ऐकू जात नाही, आधी समोरच्याचे डोळे आपल्याकडे वळवावे लागतात. मुलं हसायची, पण पुढच्या गुरुवारी दार नीट लावायची.

वर्गात तेवीस जण होते. त्यात ऋत्विक सगळ्यांच्या पुढे. वडिलांचं शहरात दुकान, इंग्रजी फाडफाड, कुठल्याही मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत निवडला जाईल असा. आणि सगळ्यांच्या मागे दीपाली धनावडे. ती लांज्याच्या आतल्या एका वाडीतून यायची. पहाटेची एसटी चुकली तर तास बुडायचा. लेखी कामात तिच्याइतकं नेटकं कोणी नव्हतं, पण खोट्या मुलाखतीला खुर्चीत बसवलं की तिचा आवाज गळ्यातच राहायचा. आत्माराम तिला म्हणायचे, "दीपाली, तुझं उत्तर बरोबर आहे गो. पण ते फक्त तुला ऐकू आलं."

फेब्रुवारीच्या शेवटच्या गुरुवारी त्यांनी मुलांना शहराबाहेरच्या एका सड्यावर न्यायचं ठरवलं. जहाजावर आग लागली आणि धुराने काही दिसेनासं झालं तर माणसांना बाहेर कसं काढायचं, याचा एक सराव असतो. तोच त्यांना मुलांकडून करून घ्यायचा होता. सगळ्यांनी एका लांब दोराला धरून रांगेत उभं राहायचं, डोळे बांधायचे. फक्त पुढच्या म्होरक्याचे डोळे उघडे. त्याने रांग चालवायची, शंभर पावलांवर थांबायचं आणि मोजणी घ्यायची. म्होरक्या 'एक' म्हणणार, त्याच्या मागचा 'दोन', असं शेवटापर्यंत. नियम एकच. आकडा जुळल्याशिवाय रांग पुढे हलवायची नाही.

"आणि नाही जुळला तर?" ऋत्विकने विचारलं.

"तर जुळेपर्यंत उभं राहायचं. दिवस गेला तरी."

सडा म्हणजे मैलभर उघडा कातळ. गुडघ्याएवढं पिवळं गवत, मध्येच चारोळीचं एखादं वाकलेलं झाड, आणि वारा. लपायला जागा नाही. रस्त्याच्या कडेला बस लावली होती, तिच्या सावलीत दिशा कागद घेऊन बसली. दुपारी दोनला पहिली फेरी निघाली. ऋत्विकने रांग झोकात नेऊन आणली. त्याच्यानंतर आणखी तिघांनी. आत्माराम कधी रांगेच्या बाजूने चालत, कधी बसपाशी उभे राहून लांबून बघत. प्रत्येक म्होरक्या परत आला की विचारत, "किती?" आणि उत्तर यायचं, "तेवीस."

पाचवी पाळी दीपालीची. चार वाजत आले होते. बाकीचे पश्चिमेला गेले होते, तिने रांग पूर्वेला वळवली. आत्माराम वीस पावलांवरून तिच्या पायांकडे बघत होते. पोर बोलायला कच्ची असली तरी कातळावर पाऊल टाकायला पक्की होती. मागच्यांना ठेच लागू नये म्हणून ती दोराला हलका हिसका देऊन खळगा सांगत होती. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

शंभर पावलांवर ती थांबली. "एक," ती म्हणाली. आवाज नेहमीपेक्षा मोकळा होता. दोन, तीन, चार, आकडे मागे मागे गेले. शेवटी ईशा होती. ती म्हणाली, "तेवीस."

आणि मग कोणीतरी म्हणालं, "चोवीस."

मुलं हसली. "प्रॉक्सी मारतंय कोण?" एकाने विचारलं. आत्मारामांनी दटावलं, डोळे सोडायला लावले आणि उघड्या डोळ्यांनी मोजणी घेतली. तेवीस भरले.

"झालं. चल पुढे."

दीपाली हलली नाही. "काका, आकडा जुळला नाय."

"आत्ताच जुळला ना."

"डोळे बांधलेले होते तेव्हा चोवीस आले."

तिच्या समाधानासाठी त्यांनी पुन्हा डोळे बांधायला सांगितले, आणि या वेळी ते स्वतः ईशाच्या शेजारी, तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. मोजणी मागे आली. ईशाने 'तेवीस' म्हटलं आणि ओठ मिटले. वारा पडला होता. मग तिच्या पाठीमागून, जिथे चोविसावं माणूस उभं राहिलं असतं बरोबर तिथून, आवाज आला.

"चोवीस."

तो आवाज बाईचा की पुरुषाचा, ते त्यांना नंतरही सांगता आलं नाही. कोरड्या तोंडाचा आवाज होता, एवढंच. तिथे गवत होतं आणि कातळ होता. त्यांनी खाली पाहिलं. ईशाच्या मुठीच्या मागे दोराचं दोन हात टोक उरलेलं होतं. ते जमिनीवर पडायला हवं होतं. ते कमरेइतक्या उंचीवर सरळ ताणलेलं होतं, पलीकडून कोणी हलक्या हाताने धरावं तसं. वाऱ्याने दोर असा ताठ होत नाही, आणि वारा तर नव्हताच. जन्मभर दोर हाताळलेल्या माणसाला हे कोणी सांगायला नको होतं. ते बघत असतानाच ते टोक सावकाश खाली आलं.

"डोळे सोडा," ते म्हणाले. "पुरे आजच्यापुरतं. ऊन फार झालंय. बसमध्ये चला सगळे."

आपला आवाज त्यांना परका वाटला. मुलं कुरकुरत निघाली. आत्माराम सर्वांत मागे होते आणि त्यांना मागे वळून बघवत नव्हतं.

बसच्या दाराशी दीपाली उभी राहिली. चढेना.

दिशा म्हणाली, "चल गं, उशीर होतोय. तुझी शेवटची एसटी चुकेल."

"मॅडम, मी म्होरकी होते. मी चोवीस मोजले. तेवीस घेऊन कशी येऊ?" मग ती आत्मारामांकडे वळली. तिने जमिनीकडे पाहिलं नाही. "काका, नियम तुम्हीच सांगितलात."

ते बसच्या पायरीवर बसले. भीतीचं कारण एकटा सडा नव्हता.

एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. जहाजावर दर शनिवारी सकाळी बोटीचा सराव असायचा. सगळ्यांनी वरच्या डेकवर जमायचं आणि आपापला क्रमांक पुकारायचा. त्या शनिवारी रावजी आला नव्हता. रावजी दाभोळचा, आत्मारामांचा खोलीसोबती. रात्रपाळी करून झोपला असेल, उगाच बोलणी खाईल, असं वाटून आत्मारामांनी सातव्या क्रमांकाला आवाज बदलून त्याची हजेरी दिली. जेवणाच्या वेळी कळलं की रावजी जहाजावर कुठेच नाही. जहाज मागे फिरवलं. संध्याकाळपर्यंत समुद्र धुंडाळला. पण कागदावर रावजी सकाळी दहाला हजर होता, म्हणून दहानंतर जहाज जिथून गेलं तेवढंच पाणी शोधलं गेलं. तो त्याच्या कितीतरी आधी पडलेला असणार. दुसऱ्याच पाण्यात. आत्माराम कठड्याला धरून दिवसभर उभे होते आणि त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता.

हे त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. बसच्या पायरीवरही सांगितलं नाही. ते उठले, दोराचं वेटोळं खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "चल. बाकीचे इथेच थांबा."

"मीपण येतो," ऋत्विक म्हणाला. तो दुपारभर गप्प होता हे आत्मारामांच्या तेव्हा लक्षात आलं.

तिघे पुन्हा त्या जागी गेले. आता काय करायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. मग दीपालीने ओढणीने आपले डोळे बांधले. ऋत्विकने रुमाल काढला. आत्मारामांनी डोळे उघडे ठेवले, पण त्यांना ते मिटावेसे वाटत होते.

"एक," दीपाली म्हणाली.

"दोन."

"तीन," ऋत्विक म्हणाला.

बराच वेळ काही आलं नाही. मग पूर्वेकडून, पन्नास-साठ पावलांवरून, गवतातून आवाज आला. "चार."

तिथपर्यंत ते चालत गेले. तिथे काही नव्हतं. पुन्हा मोजणी घेतली. चौथा आकडा या वेळी आणखी पुढून आला. पुन्हा गेले. पुन्हा मोजलं. आवाज पुढे पुढे जात होता आणि गवत उंच होत चाललं होतं. कोणी बोलावतंय की कोणी नेतंय, हा प्रश्न आत्मारामांच्या मनात आला आणि त्यांनी दीपालीला थांबवून दोर तिच्या कमरेला बांधला, दुसरा फास स्वतःच्या कमरेला घातला. समुद्रावरच्या जुन्या माणसांकडून त्यांनी ऐकलं होतं, की पाण्यातून हाक आली तर ओ देऊ नये. इथे तर हाक त्यांनी स्वतःच दिली होती.

"एक."

"दोन."

"तीन."

या वेळी कोणी काही म्हणालं नाही. दीपालीने एक पाऊल टाकलं, आत्मारामांनी दोर खेचला, आणि ती मागे त्यांच्या अंगावर आली. तिने ओढणी वर केली. गवत जिथे संपल्यासारखं दिसत होतं, तिथे सडाच संपत होता. खाली चिरेखाण होती, जुनी, बंद पडलेली. चिरे कापून काढलेल्या उभ्या भिंती, वीस-पंचवीस हात खोल, आणि तळाच्या एका कोपऱ्यात पावसाळ्याचं उरलेलं हिरवं पाणी. पाण्याच्या कडेला लुगड्यातलं एक माणूस पडलं होतं.

"मेलीय का?" ऋत्विकने विचारलं.

त्या माणसाने हात उचलला. जरासाच.

पुढचा तास आत्मारामांना तुकड्या-तुकड्यांनी आठवतो. ट्रक उतरायची जुनी वाट पलीकडून होती, करवंदीच्या जाळ्यांनी भरलेली. ऋत्विकने पळत जाऊन बाकीच्यांना आणलं होतं. आवाज दीपालीचा ऐकू येत होता. "ईशा, एकशे आठला फोन लाव आणि फोन कापू नको. संदेश, तू रस्त्यावर जा, गाडी आली की हात कर. चौघांनी जाळी तोडा. मॅडम, बसमधली चादर." ती ओरडत नव्हती. आधी ज्याचं त्याचं नाव घ्यायची, तो बघेपर्यंत थांबायची आणि मग सांगायची. बावीस जण तिच्या सांगण्याने हलत होते.

म्हातारी शेजारच्या वाडीतली. तुळसाबाई तिचं नाव. मंगळवारी शेणी गोळा करायला सड्यावर आली आणि पाय घसरून खाली गेली. ती रोज खालच्या ओढ्याकडे, वहाळाच्या बाजूला जायची म्हणून वाडीने दोन दिवस वहाळ शोधला होता. मांडीचं हाड मोडलं होतं. ओठ फाटले होते. तिला काही विचारलं तर तोंड हलायचं, पण आवाज नुसताच हवेसारखा यायचा. अँब्युलन्समधल्या डॉक्टरांनी पाहून सांगितलं, ओरडून ओरडून घसा बसलाय, कालपासून हिला बोलताच आलं नसणार.

हे सगळ्या मुलांनी ऐकलं. परतीच्या बसमध्ये कोणी गाणी म्हटली नाहीत.

ऋत्विक आत्मारामांच्या शेजारी येऊन बसला. शहराचे दिवे दिसू लागले तेव्हा तो म्हणाला, "काका, माझ्या फेरीलासुद्धा चोवीस आले होते."

आत्माराम त्याच्याकडे वळले.

"तुम्ही तेव्हा बसपाशी होतात. पोरं हसली, मला वाटलं कोणीतरी चेष्टा करतंय. फेरी चांगली चालली होती. म्हणून मी तेवीस सांगितलं." त्याने हातातल्या रुमालाची घडी घातली. "मी बाकीच्या तिघांना विचारलं. त्यांनाही आले होते."

चार म्होरके, चार मोजण्या. आत्मारामांना त्याला रागवावंसं वाटलं नाही. तो अधिकार त्यांना नव्हता. त्यांनी फक्त त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बस थांबेपर्यंत तसाच ठेवला.

दिशाने अहवालात उपस्थितांची संख्या तेवीस लिहिली आणि 'विद्यार्थ्यांनी प्रसंगावधान दाखवले' असं एक वाक्य घातलं. कॉलेजच्या सूचनाफलकावर दीपालीचं नाव लागलं. आत्मारामांनी दोन गुरुवार सुट्टी घेतली.

दुसऱ्या गुरुवारी ते एसटीने दाभोळला गेले. रावजीच्या बायकोने दार उघडलं. ती आता साठीची होती. त्यांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. सातवा क्रमांक, बदललेला आवाज, चुकीचं पाणी. ती ऐकत राहिली. मग आत जाऊन चहा घेऊन आली.

"म्हणजे ते दुपारी नाही गेले," ती म्हणाली.

"नाही. पहाटेच कधीतरी."

"मी इतकी वर्षं त्यांच्या तिथीला दुपारी पान ठेवते." तिने कप त्यांच्या पुढे सरकवला. निघताना आत्मारामांनी वाकून नमस्कार केला, तो तिने घेतला की नाही ते त्यांना कळलं नाही. त्यांचं ओझं उतरलं असं म्हणता येणार नाही. पण त्या रात्री त्यांनी बायकोलाही सांगितलं, आणि घरातल्या त्यांच्या फेऱ्या थोड्या कमी झाल्या.

एप्रिलच्या सुरुवातीला तुळसाबाई हॉस्पिटलमधून घरी आली असं कळलं. आत्माराम आणि दीपाली तिला भेटायला गेले. म्हातारी पडवीत खाटेवर होती. तिच्या सुनेने कोकमाचं सरबत आणलं. आवाज परत आला होता, जरा घोगरा. आत्मारामांनी तब्येत विचारली, पोरांनी विचारलंय असं सांगितलं. मग धीर करून म्हणाले, "आजी, त्या दिवशी आमची मोजणी तुम्हाला खाली ऐकू येत होती का?"

"येत व्हती तर. तेवीसपातूर यायची. मंग मी मनात म्हनायचे, चोवीस. तोंडानं कुटला म्हनतेय, घसा व्हता कुटं. मनात." ती हसली. "म्हटलं, आपनपन मोजनीत असावा."

दीपाली तोवर बोलली नव्हती. ती म्हणाली, "आजी, पाय दुखतो का अजून?"

म्हातारीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि तिचा हात धरला. "हाच गो तो आवाज. 'एक' म्हननारा. तूच व्हतीस म्होरं."

"होय आजी. शेवटच्या फेरीला."

"शेवटच्या कशी? तिन्ही दिस तूच व्हतीस. मी पडले त्याच सांजंला तुमची मोजनी सुरू झाली. रात्रंदिस चालली व्हती. पयला आकडा तुजा. त्येच ऐकत ऱ्हायले, म्हनून तर जीव ऱ्हायला."

मंगळवारी संध्याकाळी दीपाली आपल्या वाडीत होती. बुधवारी कॉलेजात. सड्यावर त्या दोन दिवसांत कोणी फिरकलं नव्हतं. आत्मारामांनी तिच्याकडे पाहिलं. तिने हळूच मान हलवली, नाही म्हणून, आणि म्हातारीचा हात तसाच धरून ठेवला. "होय आजी," ती म्हणाली. "मीच होते."

परत येताना एसटीची वाट बघत दोघं बराच वेळ थांब्यावर उभी होती. ऊन कलत होतं. सोमवारी कॉलेजात एका कंपनीच्या मुलाखती होत्या, दीपालीचं नाव यादीत होतं.

"नेतृत्वाचा एखादा प्रसंग सांगा, असं विचारतीलच ते," आत्माराम म्हणाले. "काय सांगशील?"

तिने थोडा विचार केला. "शिमग्यात पालखी वाडीवर येते तेव्हा जेवणाच्या पंगती मी बघते. दोनशे माणूस असतं. ते सांगेन."

"ते बरं," आत्माराम म्हणाले.

एसटी आली. दीपालीने त्यांना आधी चढू दिलं.